छत्र आणि पती यांच्यामधल्या दोन रेघा

आमच्या माहेरच्या देव्हाऱ्यात एक तांब्याचं नाणं असायचं. आजी गेल्यावर ते माझ्याकडे आलं. हळद, कुंकू आणि रोजचं पाणी यांनी अक्षरं बोथट झाली आहेत, पण अंगठा फिरवला की अजून लागतात. एका बाजूला तीन ओळी: श्री, राजा, शिव. दुसऱ्या बाजूला दोन: वर छत्र, खाली पति. शिवराई म्हणतात ती हीच.

मी जुन्नर तालुक्यातल्या एका शाळेत चौथीला शिकवते. चौथीच्या इतिहासात शिवछत्रपतीच असतात. राज्याभिषेकाचा धडा आला की मी ते नाणं रुमालात बांधून नेते आणि बाकांवरून फिरवते. गेल्या वर्षी ते दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीच्या हातात बराच वेळ थांबलं. तिने विचारलं, "बाई, छत्र आणि पति वेगवेगळं का लिहिलंय? मध्ये दोन रेघा पण मारल्यात. आणि पती म्हणजे नवरा ना?" वर्ग हसला. मागून एक मुलगा म्हणाला, "छत्रपती चूक आहे बाई. खरा शब्द क्षत्रपती. क्षत्रियांचा पती. काकांनी सांगितलंय." तिसऱ्याचं म्हणणं असं, की छत्री तर सगळ्यांकडेच असते, त्यात राजाचं काय?

घंटा झाली. मी म्हटलं, उद्या सांगते. पण दुसऱ्या दिवशी जे सांगितलं त्यावर माझंच समाधान झालं नाही. राज्याभिषेकाच्या वर्णनात आपण सिंहासनाचं सोनं मोजतो, नद्यांची पाणी मोजतो, आणि एवढ्या थाटामाटात ज्या शब्दावर शिक्का मारला तो तसाच ओलांडून पुढे जातो. म्हणून तीनही प्रश्न घेऊन हे प्रकरण पुन्हा मांडते आहे.

१६७४ ची अडचण

१६७४ साली महाराज चव्वेचाळीस वर्षांचे होते. पाव शतकाहून जास्त काळ ते राज्य चालवत होते. गड होते, घोडदळ होतं, आरमार होतं, महसुलाची स्वतःची पद्धत होती, स्वतःची मुद्राही होती. नव्हतं ते एवढंच, की या माणसाला कागदावर काय म्हणायचं याचं सर्वांना पटेल असं उत्तर.

हा नुसता मानापानाचा प्रश्न नव्हता. पाटलाच्या, देशमुखाच्या वतनाचा तंटा आला की निवाड्याच्या कागदावर कोणाचा तरी शिक्का लागतो, आणि शिक्का मारणारा कोण यावर त्या कागदाचं आयुष्य ठरतं. विजापूर दरबाराच्या लेखी महाराज म्हणजे आपल्या सरदाराचे, शहाजीराजांचे, बंड करून उठलेले चिरंजीव. मोगलांच्या लेखी दख्खनचा एक जमीनदार. खुद्द मराठा घराण्यांतही, "आपल्यासारखाच एक, थोडा वर चढलेला" अशीच नजर होती. जावळीच्या मोऱ्यांना आदिलशाहीने चंद्रराव हा किताब दिलेला होता, आणि किताबवाल्या घराण्यांना तो मोठा वाटत होता. आज भोसल्यांनी दिलेलं वतन उद्या बादशहाच्या सनदेने उडालं तर काय, ही शेतकऱ्याची शंका मला अगदी खरी वाटते. जमिनीचे कागद सांभाळणाऱ्या घरात मी वाढले आहे. कोणाच्या सहीने, हा प्रश्न आमच्याकडे सगळ्यात आधी विचारला जातो.

सभासदाने आपल्या बखरीत ही अडचण राज्याभिषेक करणाऱ्या गागाभट्टांच्या मनातला विचार म्हणून मांडली आहे. बादशहा तख्तावर बसून, "छत्र धरून" पातशाही करतात. शिवाजीराजांनी चार पातशाह्या दबावल्या, पाऊण लाख घोडदळ आणि गडकोट असताना "त्यांस तख्त नाही". याकरिता मराठा राजा छत्रपती व्हावा. सभासद महाराजांच्याच पदरी होता, आणि बखर त्याने १६९० च्या दशकात जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली. वीस वर्षांनी लिहिलेलं आहे, तेव्हा शब्द नि शब्द गागाभट्टांचा असेल असं मी धरत नाही. पण छत्रपती म्हणजे काय हे त्या काळचा माणूस कसं समजत होता, ते यातून स्वच्छ दिसतं. छत्राचा उल्लेख आधी बादशहांच्या संदर्भात येतो आणि मग आपल्या. ही गोष्ट पुढे लागणार आहे.

हाताशी कोणते शब्द होते

पहिला अर्थातच राजा. जुना, सुंदर शब्द. लॅटिनमधला रेक्स त्याचा दूरचा भाऊ. भोसले कुटुंबात तो नावाला चिकटलेलाच होता: शहाजीराजे, शिवाजीराजे. त्यातच त्याचा कमकुवतपणा होता. दख्खनच्या दरबारांत अनेक सरदार राजे म्हणवत. आणि १६६८ मध्ये, आग्र्याच्या प्रसंगानंतर दोनच वर्षांनी, औरंगजेबाने महाराजांना राजा हा किताब दिला. माझ्या मते हा शब्द एकटा पुरेनासा झाला तो तिथेच. जे दुसऱ्याने दिलं ते तोच काढून घेऊ शकतो. नाण्यावर राजा आहे, पण एकटा नाही. पाठीवर त्याला आधार दिलेला आहे.

दुसरा शब्द पातशहा. लोकांच्या तोंडी तो होताच. सभासदाचं गाजलेलं वाक्य पाहा: "मऱ्हाटा पातशहा येवढा छत्रपती जाला, ही गोष्ट काही सामान्य जाली नाही." एका दमात दोन्ही शब्द. पण तो अधिकृतपणे घेतला असता, तर आधीच्या पातशहांच्या रांगेत आणखी एक उभा राहिला असता. शिवाय राज्याभिषेकाच्याच सुमारास दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश तयार होत होता. सुमारे चौदाशे शब्दांचा हा कोश. पेशवे मुख्य प्रधान झाले, मुजुमदार अमात्य, सुरनीस सचिव, वाकनीस मंत्री, डबीर सुमंत, सरनौबत सेनापती. नोकरांची नावं संस्कृतात आणि धन्याचं फारसीत, हे बसणारं नव्हतं.

उरले संस्कृतातले भव्य शब्द. चक्रवर्ती, म्हणजे ज्याच्या रथाचं चाक कुठेही अडत नाही तो. सार्वभौम, म्हणजे सर्व भूमीचा. आज आपण सार्वभौम म्हणतो ते कोणाच्या अंकित नसलेल्या राष्ट्राला, पण मूळ शब्दात दावा अख्ख्या पृथ्वीचा आहे. पतीवर संपणारे शब्दही कानांवर होते. ओडिशाचा राजा गजपती, विजयनगरचा नरपती, उत्तरेच्या घोडदळवाल्या सत्ताधीशाला दक्षिणेत अश्वपती म्हणत. हत्ती, माणसं, घोडे. छत्रपती याच माळेतला. तो १६७४ मध्ये घडवलेला शब्द नव्हे. कबीरांच्या साख्यांत तो राजा या साध्या अर्थाने येतो. नवीन होतं ते त्याला एका घराण्याच्या, एका राज्याच्या सर्वोच्च पदाचं नाव करणं.

काकांचं म्हणणं

आता मागच्या बाकावरच्या मुलाच्या काकांकडे येते. त्यांची समजूत खूप जणांची आहे आणि ती निराधार वाटत नाही. मराठीत क्ष घासून छ, ख, स, श असं काहीही होतं. क्षेत्राचं शेत झालं, क्षाराचा खार, क्षणाचा सण, मक्षिकेची माशी. उत्तरेत तर क्षत्रियाला सर्रास छत्री म्हणत. मग क्षत्राचं छत्र का होऊ नये?

होऊ नये, कारण दोन्ही शब्द संस्कृतातच वेगवेगळे उभे आहेत. छत्र आला छद् धातूतून. छद् म्हणजे झाकणे, आच्छादणे. आच्छादन, प्रच्छन्न ही त्याचीच भावंडं. क्षत्र म्हणजे सत्ता, आधिपत्य. क्षत्रिय त्यावरून. राज्याभिषेकानंतरच्या बिरुदावलीत हे दोन्ही वेगवेगळ्या जागी आहेत: क्षत्रियकुलावतंस, सिंहासनाधीश्वर, छत्रपती. क्षत्रियत्वाचं काम पहिल्या शब्दाने केलं आहे. शेवटचा शब्द दुसऱ्या कामासाठी आहे.

आणि क्षत्रावरून सत्ताधीशाचं एक नाव खरोखरच झालं होतं. ते कळल्यावर मी बराच वेळ गप्प बसून राहिले. ते नाव म्हणजे क्षत्रप. प्राचीन इराणी भाषेत ख्शथ्रपावन्, राज्याचा राखणदार. दारियस राजाच्या बेहिस्तूनच्या शिलालेखात तो सुभेदार या अर्थाने आहे. ग्रीकांनी त्याचं सत्राप केलं आणि युरोपभर तोच चालला. क्षत्रप म्हणजे राजा नव्हे, राजाने नेमलेला माणूस. शकांबरोबर हा शब्द आपल्याकडे आला आणि पुढे स्वतंत्रपणे राज्य करणारेही तो बिरूद म्हणून वापरत राहिले. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात सासऱ्याला क्षहरात क्षत्रप म्हणतो. आमच्या जुन्नरला मानमोडीच्या डोंगरात नहपानाच्या अमात्याचा, अयमाचा, लेख आहे. त्यात शब्द आहे महाखतप, म्हणजे महाक्षत्रप. त्याच लेण्यांच्या आवारातून मान वळवली की शिवनेरी दिसतो.

सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला आणि त्याच्या चांदीच्या नाण्यांवर स्वतःचे छाप मारले. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा निघाला, त्यातली बहुसंख्य अशी पुन्हा छापलेली होती. क्षत्रपाच्या चेहऱ्यावरच सातवाहनाचा छाप. म्हणजे नाणं हातात घेऊन "आता मालक कोण" हे सांगायची रीत या मातीत दोन हजार वर्षांची आहे.

तेव्हा काकांना एवढंच सांगायचं, की क्षत्राला चिकटलेला शब्द घेतला असता तर त्याच्या पोटात कोणीतरी नेमलेला सुभेदार लपलेला राहिला असता. छत्रपती हा त्याहून फार मोकळा शब्द आहे.

जाता जाता आणखी एक. शाह हा शब्दही क्षत्राच्याच मुळातला. जुन्या इराणीतल्या ख्शायथिय, म्हणजे राजा, या शब्दाचा घासून शाह झाला. महाराजांच्या आधीच्या मुद्रेवर "शाहसूनोः शिवस्यैषा" आहे, शहाजींच्या पुत्राची, शिवाची ही मुद्रा. तिच्यातल्या शाह या दोन अक्षरांत क्षत्र दडलेलं आहे. क्षत्र असं आधीपासून घरात होतं. छत्र मात्र उभारायचं होतं.

छत्र

तिसऱ्या मुलाला छत्री माहीत आहे, कारण आमच्याकडे चार महिने पाऊस असतो. पण हे छत्र पावसाचं नाही, मानाचं आहे. कोणाच्या तरी डोक्यावर दुसऱ्याने धरायचं, ही त्यातली मुख्य गोष्ट. आपण स्वतः धरली ती छत्री. बौद्ध स्तूपांवर ते दगडात किंवा लाकडात असतं. कार्ल्याच्या चैत्यात गेलात तर स्तूपाच्या माथ्यावर पाहा, मूळचं लाकडी छत्र अजून आहे. आषाढीच्या पालखीत ते पादुकांवर धरतात. आपल्या भाषेत बाप गेला की छत्र हरपतं, एकट्याची सत्ता असली की एकछत्री अंमल. शब्दाची ओढ इतकी, की त्याने परके शब्दही खेचून घेतले. अन्नछत्रातलं छत्र हे छत्र नव्हेच. ते मूळचं अन्नसत्र. सत्राचं छत्र झालं, कारण सावली आणि जेवण देणारा आपल्याला एकच वाटला.

पण माझ्या समजुतीत खरा फरक पडला तो अकबराच्या दरबाराची हकीकत वाचताना. अबुल फजलने ऐन-इ-अकबरीत राजचिन्हांची यादी दिली आहे. औरंग म्हणजे तख्त, मग चतर, मग आफताबगीर, मग कौकबा. ही चार फक्त राजालाच. यातला चतर म्हणजे आपलंच छत्र. संस्कृतातला शब्द फारसीत जाऊन बादशहांच्या डोक्यावर बसला होता. आणि आफताबगीर, म्हणजे ऊन अडवणारं, आपल्याकडे येऊन अब्दागीर झालं आणि आज ते पालखीपुढे असतं. दोघांनी एकमेकांचे शब्द उचलले.

याचा अर्थ असा, की १६७४ मध्ये रायगडावर छत्र उभं राहिलं तेव्हा ते विजापूरला किंवा दिल्लीला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मुख्य प्रधान, अमात्य, सुमंत ही नावं त्यांच्या वकिलांना विचारून घ्यावी लागली असती. छत्र त्यांना पाठ होतं. स्वतःच्या प्रजेला आपला आणि शत्रूला त्याचा वाटावा, असा हा एकच शब्द हाताशी होता. कोशातून फारसी बाजूला सारली जात असताना दरबारच्या सर्वोच्च जागी नेमका तो शब्द बसवला, जो फारसीनेही आपला मानलेला होता. हे मुद्दाम केलं असा कागद माझ्यापाशी नाही. पण सभासदाचं "छत्र धरून पातशाही करितात" हे वाक्य डोळ्यांसमोर ठेवलं, तर ही निवड आंधळेपणाने झाली असं मला वाटत नाही.

इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्सिंडेन त्या दिवशी गडावर होता. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाल्यांच्या टोकांवर काय काय होतं ते त्याने लिहून ठेवलं: एकीकडे मोठ्या दातांच्या माशांची सोन्याची मुखं, दुसरीकडे घोड्यांच्या शेपट्या, आणि एका उंच भाल्यावर न्यायाचा तराजू. माशाचं चिन्ह म्हणजे माही मरातिब, ज्याचा मान बादशहा आपल्या मोठ्या सरदारांना बहाल करत असे. शेपट्यांची निशाणं तुर्क-मोगल परंपरेतली. जी चिन्हं इतरांना हात पुढे करून घ्यावी लागत ती इथे आपल्या हाताने उभारलेली होती. छत्राची गोष्ट तीच.

पण छत्र तर दिलंही जातं

इथे एक अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. चौदाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देवगिरीचा यादव राजा रामदेवराव कैद होऊन दिल्लीला गेला. अलाउद्दीन खिलजीने त्याला सन्मानाने परत पाठवलं. राय रायान हा किताब दिला, एक लाख टंके दिले आणि छत्र दिलं. त्या काळचा इतिहासकार बरनी हे सांगतो. म्हणजे मराठी बोलणाऱ्या मुलखाच्या राजावर छत्र होतं, पण सुलतानाने बहाल केलेलं. ते धरून रामदेवराव परत आला आणि पुढे दिल्लीच्या फौजांना वाट आणि रसद पुरवत राहिला.

तेव्हा नुसत्या छत्राने काही सिद्ध होत नाही. शब्दाचं सगळं बळ त्याच्या दुसऱ्या अर्ध्यात आहे, आणि आमच्या वर्गातल्या मुलीचा प्रश्न नेमका त्यावर होता.

पती म्हणजे नवरा ना? हो. पण नंतर. आधी तो धनी आहे. जुने वैयाकरण तो पा, म्हणजे राखणे, या धातूशी जोडत. भाषांचे अभ्यासक तो याहून लांब नेतात. लॅटिनमध्ये पोतिस म्हणजे समर्थ, ग्रीकमध्ये पोसिस म्हणजे नवरा. वेदांत एकवचनी दंपति म्हणजे नवराबायको नव्हे, दम म्हणजे घर, त्याचा पती, घरधनी. ग्रीकमधला देस्पोतेस हा त्याचा सख्खा भाऊ, घराचा मालक. घराच्या धन्यावरून नवरा हा अर्थ आला.

हे वर्गात सांगताना मला ग्रीकची गरजच पडली नाही. मी त्या मुलीला विचारलं, तुझी आजी आजोबांना काय म्हणते? ती म्हणाली, "धनी". आणि शेताच्या मालकाला? "धनी." झालं. पती म्हणजे तसा. नवराही आणि मालकही. छत्रपती म्हणजे छत्राचा धनी. ज्याच्यावर छत्र धरलं आहे तो नव्हे, ज्याचं ते आहे तो. रामदेवरावावर छत्र होतं. तो छत्राचा पती नव्हता.

कागदावर आणि तांब्यावर

हा फरक प्रत्यक्ष पाहायचा तर महाराजांच्या पत्रांचे मायने शेजारी शेजारी ठेवावेत. आधीच्या पत्रांत सुरुवात अशी: "अजरख्तखाने राजश्री शिवाजीराजे दामदौलतहू", आणि वर्ष सुहूर सनाचं, म्हणजे दख्खनच्या दरबारी कालगणनेचं, अरबी संख्याशब्दांत. दामदौलतहू म्हणजे त्यांची दौलत टिकून राहो. विजापूरच्या कुठल्याही सरदाराचं पत्र असंच सुरू झालं असतं. राज्याभिषेकानंतर: "स्वस्ति श्री राज्याभिषेक शके १, आनंदनाम संवत्सरे", आणि मग "क्षत्रियकुलावतंस श्री राजा शिवछत्रपती". काळ स्वतःपासून मोजायला सुरुवात, आणि नावाच्या पोटात पद. दौलत टिको अशी प्रार्थना उरली नाही. फारसी शब्द एका दिवसात गेले असं मात्र समजू नये. पेशवे मुख्य प्रधान झाले खरे, पण लोक शेवटपर्यंत पेशवेच म्हणाले.

पत्र वाचणारे थोडे. नाणं सगळ्यांच्या हाती. क्षत्रियकुलावतंस सिंहासनाधीश्वर हे बोटाच्या पेराएवढ्या तांब्याच्या तुकड्यावर मावत नाही. छत्र पति मावतं. सोन्याच्या चिमुकल्या होनावरही तोच मजकूर. बाजारात भाजी घेणाऱ्या, ज्याला सही येत नव्हती अशा माणसाच्या कनवटीला ही चार अक्षरं जाऊन बसली. माझ्या दृष्टीने शब्दाचा खरा अभिषेक तो. (नाण्यावर ति ऱ्हस्व आहे, संस्कृताप्रमाणे. आज मराठीत आपण दीर्घ लिहितो. मुलांनी नाण्यातली "चूक" दाखवली की मी हे सांगते.)

अभिषेकानंतर अकराव्या दिवशी, १७ जूनला, जिजाऊ गेल्या. २४ सप्टेंबरला निश्चलपुरी गोसाव्यांनी तांत्रिक पद्धतीने दुसरा अभिषेक केला. विधी दोन झाले, शब्द तोच राहिला.

पुढे शब्दाचं काय झालं

थोडक्यात सांगते. संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये अभिषेक करवला. १६८९ नंतर त्यांचे पुत्र शाहू मोगलांच्या छावणीत वाढले, १७०७ मध्ये सुटले, १७०८ च्या जानेवारीत साताऱ्याला त्यांनी अभिषेक करवून घेतला. राजाराम महाराजांच्या पत्नी ताराबाईंनी आपल्या मुलाच्या नावे हक्क सांगितला होताच. छत्र एक आणि पती दोन, अशी स्थिती झाली आणि १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या कायम झाल्या. १७१९ मध्ये पेशवे बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून चौथाईच्या, सरदेशमुखीच्या आणि स्वराज्याच्या सनदा आणल्या. त्याचा राजकीय फायदा मोठा होता, हे मान्य. पण स्वराज्याची सनद दिल्लीच्या बादशहाकडून, हे वाचताना १६७४ आठवून मला दर वेळी रुखरुख लागते.

पेशव्यांच्या मुद्रेवर "राजा शाहू नरपति हर्षनिधान" आहे. छत्रपती नव्हे, नरपती. तरीही छत्राचं वजन गेलं नाही. १७४९ मध्ये शाहू वारले, सत्ता पूर्णपणे पुण्याला आली, सातारचे महाराज किल्ल्यावर जवळपास बंदिवासात. आणि तरी नव्या पेशव्याला वस्त्रं साताऱ्याहूनच यावी लागत. ज्याच्या हाती काही नाही त्याच्या हातून घेतल्याशिवाय ज्याच्या हाती सगळं आहे त्याचं चालत नव्हतं. १८१८ नंतर इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं, १८३९ मध्ये उतरवलं, १८४८ मध्ये वारस नाही म्हणून राज्यच खालसा केलं. कोल्हापूर १९४९ मध्ये विलीन झालं.

राहिला मुलीचा पहिला प्रश्न, दोन रेघांचा. त्याचं उत्तर मलाच नव्हतं. मी इतकी वर्षं ते नाणं महाराजांच्या काळातलं म्हणून दाखवत होते. सुट्टीत नाण्यांचा नाद असलेल्या एका सहकाऱ्यांनी ते भिंगाखाली धरलं आणि लगेच म्हणाले, "ताई, ही दुदांडी." छत्र आणि पति यांच्यामध्ये दोन आडव्या दांड्या, म्हणून दुदांडी शिवराई. पेशवाईच्या उत्तरकाळात पाडलेली. अशी नाणी पुढे इंग्रजी अमलातही खेड्यापाड्यांत चालत राहिली.

शाळा उघडल्यावर मी वर्गात हे कबूल केलं. ती मुलगी आता पाचवीत गेली होती, तिला बोलावून घेतलं. नाणं पुन्हा तिच्या हातात दिलं. ती म्हणाली, "मग तेव्हा राज्य कोणाचं होतं?" मी म्हटलं, कारभार पुण्याच्या पेशव्यांचा, गादी साताऱ्याची. तिने नाणं उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. "पण नाव शिवाजी महाराजांचंच आहे."

आहे. महाराज १६८० मध्ये गेले. शंभराहून अधिक वर्षांनी कुठल्याशा टांकसाळीत एका कारागिराने तांब्याचा तापलेला तुकडा ठशावर ठेवला आणि वरून घण मारला. ठशात तेच नाव होतं आणि तोच शब्द होता. दुसरा शब्द कोरायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं.